पाहुणीचं झाड

१

रोज सकाळी चहा झाला की वनमालाबाई शेडनेटच्या दाराशी यायच्या, बाहेरच्या चपला काढून आतल्या रबरी चपला पायांत सरकवायच्या आणि खांबावरचं बटण दाबायच्या. वरच्या नळ्यांतून सूं करत बारीक धुकं सुटायचं. बाहेर तामलवाडीचा माळ. शिमगा झाला की तिथं माणसाचे ओठ फुटतात आणि बाभळीची सावलीसुद्धा कोरडी लागते. हिरव्या जाळीच्या आत मात्र श्वास घेतला की छातीत ओल उतरायची.

हे शेडनेट मार्तंडरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, कचेरीतली नोकरी संपल्यावर ढोबळी मिरचीसाठी उभं केलं होतं. मिरची बरी पिकली, पण मार्तंडरावांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मग वनमालाबाईंनी ती जागा ताब्यात घेतली. तुळजापूरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर पुराणं ऐकत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुळजापुरातलं घर बंद करून दोघं शेतातल्या दोन खोल्यांत राहायला आली. बाईंना आपण चुकतोय असं सहसा वाटत नसे. खरं सांगायचं तर त्या सहसा चुकतही नसत.

शेडनेटमधली मानाची जागा एका वेलीची होती. तिचं शास्त्रीय नाव बाई सोडून कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून घरात सगळे तिला ‘पाहुणी’ म्हणत. पाहुणी सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातली. बाईंची जुनी विद्यार्थिनी देवश्री पुण्यात संशोधन करायची. तिनंच तो ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा मांडीवर घेऊन एसटीनं आणला होता.

“मॅडम, ती ज्या झाडावर होती ते झाड दरडीखाली गेलं,” ती म्हणाली होती. “आसपास सगळं धुंडाळलं, दुसरी नाही. इतर ठिकाणी दिलेली रोपं मूळकुजीनं गेली. तुमच्या कोरड्या हवेत बुरशीला थारा नाही, म्हणून इथं आणली. आता जगात ही एवढीच. धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत तिच्यापुढं ‘जंगलातून नामशेष’ असं लागणार. आणि ही गेली, की त्यातला ‘जंगलातून’ तेवढा खोडायचा.”

“माझ्या हातून जाणार नाही,” वनमालाबाई म्हणाल्या होत्या.

आणि गेली नव्हती. अणदूरचा शरणबसप्पा बरीच वर्षं त्यांच्याकडं कामाला होता. त्याच्या मदतीनं बाईंनी तिला जगवली, वाढवली. आता फक्त तिनं चढायला हवं होतं. ही जात जमिनीवर सरपटते तोवर पोरवयातच राहते. उंच चढली तरच वयात येते, फुलते, बी धरते. त्यासाठी बाईंनी काथ्या गुंडाळलेला सुरेख खांब कुंडीत रोवला होता.

त्या सकाळी त्यांनी पाहिलं तर पाहुणीनं खांब सोडला होता. तिचा कोवळा शेंडा कुंडीच्या काठावरून खाली उतरून फरशीवर पडला होता आणि शेडनेटच्या मधल्या मोकळ्या जागेकडं तोंड करून होता.

२

“शरणबसप्पा, खांबाला धक्का लागला का रे?”

“न्हाय बाई. म्या हातबी लावला न्हाय.” शरणबसप्पा पाइप खांद्यावर टाकून जवळ आला. “उजेडाकडं निघाली आसल.”

“हिची रीत उलटी असते. लहानपणी ही अंधाराकडं जाते.”

“झाड, आन् आंधाराकडं?”

बाईंना शिकवायला आवडायचं. त्या तिथंच उकिडव्या बसल्या. “हे बघ. जंगलात बी जमिनीवर पडतं. त्याला वर जायचं तर आधाराला मोठं झाड पाहिजे. आणि त्या बीला आसपास सगळ्यात काळं काय जाणवणार? सगळ्यात मोठ्या झाडाचा बुंधा. म्हणून ही काळोख हुंगत सरपटत जाते. डोळे नाहीत, पण बुंधा चुकत नाही.”

शरणबसप्पानं शेंड्याच्या रोखानं पाहिलं. तिथं मिरचीचे वाफे मोडून केलेली सपाट, रिकामी फरशी होती. वरची जाळी उन्हानं विटली होती, त्यामुळं उजेड सगळ्यात जास्त तिथंच पडायचा.

“मंग तितं काळं काय हाय, बाई?”

“काही नाही,” वनमालाबाई म्हणाल्या. “म्हणून तर बघायचं.”

त्यांनी डिझेलचा रिकामा पिंप काळा रंगवून कुंडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. पाहुणीनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी कुंडी अर्धी फिरवली. शेंडा सावकाश वळला आणि पुन्हा त्याच जागेकडं लागला. मग त्यांनी शरणबसप्पाला हाताशी घेऊन कुंडी उचलली आणि मोकळ्या जागेच्या पार पलीकडं नेऊन ठेवली. आठवडा गेला. शेंडा उलटा फिरला, मागं वळला, आणि आता पलीकडून त्याच जागेकडं पाहू लागला.

बाईंनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ विचार केला. जमिनीखाली पाइप असेल. खडक असेल, त्याचा गारवा असेल. वेलीला जे कळतं त्याला कारण असतंच, आपल्याला ते आज ना उद्या सापडेल. एवढं ठरवून त्या जेवायला गेल्या.

३

कोरडा गोल त्यांना दिसला तो चैत्राच्या सुरुवातीला.

धुकं सुटलं की सगळी फरशी ओली होऊन काळवंडायची. त्या मोकळ्या जागेत मात्र बैलगाडीच्या चाकाएवढा गोल पांढराच राहायचा. बाईंनी वर पाहिलं. नळीच्या तोंडाचं नोझल तुंबलं असणार. शरणबसप्पानं शिडी लावून ते बदललं, शेजारचंही बदललं. बटण दाबलं. धुकं खाली येऊ लागलं.

आणि मग दोघांनीही ते पाहिलं. धुकं त्या जागेवर येत होतं, पण खाली उतरत नव्हतं. ते फाटत होतं. मध्ये कुणी उभं असावं तसं दोन्ही अंगांनी वळसा घालून पलीकडं पुन्हा मिळत होतं. वाऱ्यानं एक पानही हलत नव्हतं.

“हवेचा झोत आहे,” बाई म्हणाल्या. “खालून गरम हवा वर येत असणार.”

“व्हय,” शरणबसप्पा म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं, पण बाईंनी कारण दिलं याचं त्याला बरं वाटलं होतं.

बाईंनी गोलाच्या मध्यावर हात धरला. गरम हवा लागली नाही. गारही लागली नाही. हात काढून घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हात गोलाच्या मध्यावर नाही, कडेला धरला होता. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा कडेलाच.

त्या दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. शेडनेटच्या एका अंगाला सोलापूर-तुळजापूर रस्ता होता. गाड्यांचा घरघराट दिवसभर आत यायचा, इतका की तो ऐकू येणं बंद झालं होतं. कुंड्यांना खत घालत त्या गोलापाशी आल्या आणि तो आवाज एकदम मावळला. आणखी थोडं पुढं गेल्या आणि तो परत आला. त्या मागं आल्या. मावळला. पुढं गेल्या. आला. लहानपणी देवळाच्या दगडी खांबामागं लपलं की कीर्तनकाराचा आवाज असाच दबून जायचा.

मधे काहीतरी जाडजूड असल्याशिवाय आवाज असा अडत नाही, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नव्हता.

४

पुढं बाईंना एक खोड लागली. त्या शरणबसप्पाच्या चालण्याकडं बघू लागल्या.

पाण्याच्या टाकीपासून दारापर्यंतचा रस्ता सरळ त्या मोकळ्या जागेवरून जात होता. शरणबसप्पा बादली घेऊन निघायचा, गोलाजवळ यायचा, डाव्या अंगानं वळसा घ्यायचा आणि पुन्हा सरळ चालू लागायचा. प्रत्येक वेळी.

“शरणबसप्पा, आडवाटेनं का जातोस?”

“कुटं?”

“आत्ता. वळून गेलास की.”

त्यानं मागं वळून पाहिलं. “न्हाय बाई. सरळच आलो की.” आणि त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता.

बाईंनी त्याला बाजूला केलं. टाकीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, समोरच्या दाराची कडी नजरेत पक्की धरली आणि निघाल्या. पावलांवर लक्ष होतं. नजर कडीवरून ढळू द्यायची नाही असं ठरवलं होतं. सरळ चालत त्या दारापाशी पोचल्या आणि विजयानं वळल्या.

शरणबसप्पा तोंडावर हात ठेवून उभा होता.

“बाई,” तो म्हणाला, “तुमीबी वळलात.”

ओल्या फरशीवर त्यांच्या रबरी चपलांचे ठसे उमटले होते. ते गोलापाशी येऊन धनुष्यासारखे वाकले होते. पांढऱ्या गोलाच्या आत एकही ठसा नव्हता. वनमालाबाई त्या ठशांकडं बघत राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच पायांचा राग आला.

“उद्यापासून तू या बाजूनं येऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “इकडचं पाणी मी घालीन.”

५

पाहुणी गोलाच्या काठाला पोचली आणि उभी राहू लागली.

आधी शेंडा फरशीपासून बोटभर उचलला गेला. मग वीतभर. वेलीच्या पेरांतून बारीक पांढरी मुळं फुटली आणि हवेत घट्ट रोवल्यासारखी बसली. पानं बदलली. लहानपणीची लोंबती पानं जाऊन तळव्याएवढी गोल पानं आली, आणि ती एकावर एक कौलांसारखी, सपाट, हवेला चिकटून बसली. बाईंनी एका पानाच्या कडेखाली नख घालून पाहिलं. पान सुटेना. साल धरून बसावं तसं ते बसलं होतं.

दुसरं कुणीही घाबरलं असतं. बाईही घाबरल्या, नाही असं नाही. त्यांच्या मानेवरचा काटा दिवसभर बसत नव्हता. पण त्या भीतीच्या बरोबरीनं, तिच्या खांद्याला खांदा लावून, एक आनंद होता. पाहुणी चढत होती. वयात येत होती. जगातली शेवटची वेल आपल्या शेतात फुलणार होती.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून देवश्रीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

“मॅडम! कमाल केलीत! पण कशावर चढवलीत? खांब दिसत नाही.”

“दिसायला नको असाच आहे,” वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या. “तिला आवडलाय ना? झालं तर.”

“मला येऊन बघायचंय.”

“फुलली की ये.”

फोन ठेवल्यावर त्यांना जाणवलं, की आपण कुणालाही आत येऊ द्यायला तयार नाही. हे का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मार्तंडरावांना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. मार्तंडराव साधे, कमी बोलणारे. काठी टेकत सकाळ-संध्याकाळ ओसरीपर्यंत यायचे, रेडिओ ऐकायचे. शेडनेटमध्ये ते फारसे येत नसत. ओल्या फरशीवर पाय घसरेल म्हणून बाईच येऊ देत नसत.

६

वैशाखाची दुपार होती. माळावर उन्हाची पांढरी चादर पडली होती आणि कावळासुद्धा ओरडत नव्हता. शरणबसप्पा जेवून चिंचेखाली आडवा झाला होता. बाई भांडी पालथी घालून खोलीत आल्या तर मार्तंडराव पलंगावर नव्हते.

“अहो?”

ओसरीवर नव्हते. मोरीत नव्हते. शेडनेटचं दार उघडं होतं.

मार्तंडराव आत होते. काठी त्यांनी बाजूला टेकवून ठेवली होती. उभी. पांढऱ्या गोलाच्या आत उभी, टेकायला काही नसताना. आणि त्यांच्या पाठीमागं काही नसताना मार्तंडराव मागं रेलले होते. टाचा पुढं, पाठ मागं, डोकं मागं टाकलेलं, डोळे मिटलेले. एरवी कुणीही असं रेललं असतं तर पाठीवर आपटलं असतं. मार्तंडराव आरामात होते. सदऱ्याच्या बाहीला पाहुणीचं एक पांढरं मूळ चिकटलं होतं.

वनमालाबाईंनी वर्गात वापरायचा आवाज काढला. “अहो, काय करताय?”

त्यांनी डोळे उघडले. “काही नाही गं. खोलीत लई उकडत होतं. जरा झाडाला टेकलो.”

“कुठल्या झाडाला?”

मार्तंडरावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू त्या गंमत करताहेत. मग मान वर केली. वर म्हणजे जाळीकडं नाही. त्याच्याही पार, मान मोडेल इतकी वर.

“केवढं उंच आहे गं हे,” ते म्हणाले. “तू कधी बोलली नाहीस ते.”

बाईंनी पुढं होऊन हात लांब केला. आत पाऊल टाकता येईना. काठावरूनच त्यांनी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. बाहीवरचं मूळ फट् करून तुटलं. त्यांनी यजमानांना खोलीत नेलं, पाणी पाजलं आणि शेडनेटच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली.

“पुन्हा तिकडं जायचं नाही.”

“बरं,” मार्तंडराव म्हणाले. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते काहीतरी ऐकत होते.

७

त्यानंतर थोड्या दिवसांनी बाईंना औषधं आणायला तुळजापूरला जावं लागलं. शरणबसप्पाला त्यांनी बजावलं, मालकांवर नजर ठेव. कुलूप आहे, तरी ठेव. बाजारात त्यांचा जीव रमेना. देवीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, त्यात वेळ गेला. परतल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि शरणबसप्पा रस्त्यापर्यंत धावत आला.

“बाई, पानी शेंदाया गेलतो. तेवढ्यात... कुलूप हाय तसंच हाय. पर मालक आत हायती.”

कुलूप खरंच होतं तसंच होतं. बाईंनी ते काढलं.

गोलाच्या काठाशी मार्तंडरावांच्या चपला नीट जोडीनं काढून ठेवल्या होत्या. शेजारी काठी. आणि माणूस नव्हता.

वनमालाबाईंनी वर पाहिलं.

पाहुणी जाळीपर्यंत गेली होती. जाळी कुठं फाटली नव्हती. आणि तिथं, वेलीच्या शेवटच्या पानाजवळ, दोन तळपाय होते. भेगाळलेल्या टाचा, डाव्या पायाचं वाकडं बोट. त्यांनी ते पाय लग्नापासून पाहिले होते. ते जाळीच्या खाली होते की वर, ते ठरवता येत नव्हतं. जाळी जवळ दिसत होती. पाय फार, फार लांब दिसत होते. नजर दोन्हींवर एकदम ठरेना.

शरणबसप्पानं खाली बसून डोळे मिटून घेतले आणि येळकोट येळकोट म्हणू लागला.

“गप्प बस,” बाई म्हणाल्या. मग वर तोंड करून, एकेक शब्द सुटा करून, घाबरलेल्या मुलाला फळ्यापाशी बोलवावं तशा म्हणाल्या, “अहो, ऐकताय ना? मी आलेय. चहा टाकते. आता खाली यायचं. आधी उजवा पाय. घाई नाही.”

पाय हलला.

दोन पुरुष उंचीच्या जाळीवरून माणूस उतरायला कितीसा वेळ लागणार? मार्तंडराव उतरत होते आणि उतरतच होते. बाईंचं तोंड कोरडं पडलं तरी त्या बोलत राहिल्या. पुतण्याच्या लग्नातली गंमत सांगितली, तुळजापुरातल्या गर्दीचं सांगितलं. ऊन जाळीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकलं. शेवटी ते पाय माणसाच्या पायांएवढे झाले आणि फरशीला लागले.

मार्तंडराव नखशिखान्त भिजले होते. केसांतून पाणी निथळत होतं. धुकं सोडणारा फॉगर सकाळपासून बंद होता.

“वर पाऊस आहे,” ते म्हणाले. त्यांना धाप लागली नव्हती. गुडघेही दुखत नव्हते.

“आणखी काय आहे वर?” विचारायचं नाही असं ठरवूनही बाईंनी विचारलं.

मार्तंडराव विचारात पडले. “तुझी पाहुणी वर लई जुनी आहे. माझ्या मांडीएवढी जाड. फळलीय.” त्यांनी मूठ उघडली. तळहातावर लाल गराची, करवंदाएवढी फळं होती. मग ते म्हणाले, “त्याच्याही वर जायचं होतं. पण तिथं हालचाल होती. तेवढ्यात तू हाक मारलीस.”

८

वनमालाबाईंनी त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, छाटणीची कात्री घेतली.

त्या कधी रडणाऱ्यातल्या नव्हत्या, तेव्हाही रडल्या नाहीत. पण पाहुणीसमोर बसल्या आणि त्यांचा हात थांबला. जगात ही एवढीच, असं देवश्री म्हणाली होती. आपण म्हणालो होतो, माझ्या हातून जाणार नाही. पलीकडं ओसरीवर मार्तंडराव टॉवेल गुंडाळून बसले होते आणि त्यांचे डोळे शेडनेटवर होते. भुकेलं माणूस चुलीकडं बघतं तसे.

त्यांनी कात्री बुडाशी घातली आणि दाबली. दांडा टणक होता. पांढरा चीक आला. शरणबसप्पानं कुंडी बाहेर नेऊन मुळं उपटली आणि जाळली.

वरचा भाग पडला नाही. तोडलेली पाहुणी हवेत होती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी टवटवीत, आठवड्यानंही टवटवीत. कुठल्या पाण्यावर, ते बाईंनी शोधलं नाही. त्यांनी नळ्या काढून घेतल्या, शेडनेटला कुलूप लावलं, शरणबसप्पाला अणदूरला त्याच्या भावाच्या द्राक्षबागेत काम मिळवून दिलं आणि यजमानांना घेऊन त्या तुळजापूरच्या घरी परत आल्या. घर बैठं, नळदुर्ग रस्त्याच्या कडेच्या वसाहतीतलं. वर मजला नाही. गच्चीवर जायला जिनाही नाही.

फळं मात्र त्यांनी फेकली नाहीत. ते त्यांना जमलं नाही. सगळ्या जन्मात त्यांनी एकही बी उगीच मारलं नव्हतं. अर्धी फळं त्यांनी देवश्रीला पाठवली.

“मूळ वेल गेली,” त्यांनी फोनवर सांगितलं. “पण त्याआधी फळली.”

देवश्री फोनवरच ओरडली आणि मग हुंदके देऊ लागली. “मॅडम, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत ते?”

“कळतंय,” वनमालाबाई म्हणाल्या.

उरलेलं बी त्यांनी एका पसरट ट्रेमध्ये टाकलं आणि मागच्या अंगणात, पडवीच्या सावलीत ठेवलं. नुसतं उगवतं का ते बघायला. उगवलं की देवश्रीकडं देऊन टाकायचं. त्यांचा हिशेब सरळ होता. ते झाड, जे काही होतं ते, तामलवाडीला होतं. आपण तिथून निघालो. संपलं.

मार्तंडरावही सुधारले होते. काठी न घेता चालत होते. भूक वाढली होती. रात्री शांत झोपत होते. बाईंनी त्यांच्याकडं समाधानानं पाहिलं आणि मनाशी म्हटलं, आपण योग्य तेच केलं.

९

बी सगळंच्या सगळं उगवलं.

भाद्रपदातल्या एका सकाळी देवश्रीचा फोन आला तेव्हा वनमालाबाई ट्रेपाशीच उभ्या होत्या. बऱ्याच वेळापासून उभ्या होत्या.

“मॅडम, आमच्याकडचीही उगवलीत. आता प्रजातीची नोंद नव्यानं होणार. ‘नामशेष’ शब्द जाणार, तुमच्यामुळं. तज्ज्ञांची बैठक चालू आहे, म्हणून घाईत फोन केला. एकच प्रश्न आहे. निसर्गात ती कुठं शिल्लक असू शकते, असं ते विचारतात. आम्ही काय सांगायचं?”

बाई रोपांकडं बघत होत्या. तामलवाडीच्या पाहुणीचा शेंडा कुंडी कुठंही ठेवली तरी एकाच जागेकडं वळत होता. इथल्या रोपांचं तसं नव्हतं. एकाचा शेंडा शेजारच्या लॉजच्या भिंतीकडं होता. एकाचा फाटकाकडं. एक रस्त्याच्या पलीकडं, बस थांबतात तिकडं लागलं होतं. दोन शेजारी उगवलेली रोपं एकमेकांना पाठ करून दोन टोकांना निघाली होती. एक स्वयंपाकघराच्या दाराकडं. एक मंदिराच्या बाजूला. अंगणात ऊन पडलं होतं, काळोखाचा मागमूस नव्हता. आणि प्रत्येक रोपाला आपापला बुंधा स्वच्छ दिसत होता. त्यांतलं एकही चुकत नव्हतं.

बाईंनी मान सावकाश वळवून चौफेर पाहिलं. आपण या सगळ्याच्या मधोमध उभ्या आहोत, हे त्यांना कळलं. कधीपासून, ते कळलं नाही.

“मॅडम? ऐकू येतंय ना?”

“येतंय.” त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम होता. “लिहून घे. तुळजापूर तालुका. धाराशिव जिल्हा.”

“मॅडम, पण तिथं जंगल कुठं आहे?”

त्या उत्तर देणार, तोच मार्तंडरावांनी हाक मारली. आवाज घरातून आला नव्हता. तो वरून आला होता. गच्चीच्याही वरून, बराच वरून, आणि तो कष्टी मुळीच नव्हता.

“वनमाला, अगं ए! बघायला ये. इथून सगळं दिसतंय.”

बाईंनी फोन ट्रेशेजारी ठेवला. देवश्रीचा बारीक आवाज त्यातून येत राहिला. त्यांनी एकदा वर पाहिलं. गालावर पाण्याचा थेंब पडला, तो त्यांनी पुसला नाही.

“आले,” त्या म्हणाल्या. चपला काढून त्यांनी पदर कमरेला खोचला आणि हवेत हात टेकवून आधार चाचपला.

आधार पक्का होता.